जोतीरामाची इंग्रजी पाटी

सणसरच्या सावळारामतात्यांना तंबाखूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं, कारखान्याच्या इलेक्शनचंसुद्धा नव्हतं. इतका निर्मळ माणूस गावाला पचत नाही, म्हणून देवानं त्यांना एक खोड ठेवली होती: आजा.

आजा म्हणजे जोतीराम. नीरेच्या काठानं मेंढरं राखायचा. एकदा एक शिकारी साहेब नदीच्या गाळात कमरेपर्यंत रुतला, तेव्हा जोतीरामानं घोंगडं फेकून त्याला ओढून काढला. पुढं साहेबानं विलायतेत जाऊन जाडजूड पुस्तक लिहिलं आणि त्यात जोतीरामाला घातला. हे तात्यांना त्यांच्या बापानं सांगितलं आणि तात्यांनी उरलेल्या तालुक्याला. बारसं असो नाहीतर तेरावं, पत्रावळी मांडेपर्यंत आजा गाळापाशी पोचलेला असायचा.

पुस्तक मात्र कुणी पाहिलं नव्हतं. आबाजी पाटील त्यावरच टपलेला. "तात्या, आज्याच्या पुस्तकाचं काय झालं वो? शेरडानं खाल्लं का?" असं तो डेअरीवर रोज विचारायचा, आणि रोज हसायचा. विनोद शिळा झाला म्हणून टाकून देणाऱ्यातला तो नव्हता.

मग तात्यांनी धाकट्या रविराजसाठी पोरगी पाहिली. बारामतीची मनिषा, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. देण्याघेण्याचं तात्यांनी काहीच विचारलं नाही. "विंग्रजी वाचता येतं न्हवं?" एवढंच. शिवाय लग्नानंतर एम.ए. करायला परवानगी! गावाला वाटलं, म्हातारा सुधारक झाला. कसला सुधारक! त्याला घरात वाचणारी हवी होती.

आणि बघा नशीब. शहाण्णव साली मनिषाला एम.ए.ला एक जुनी, नावाजलेली कादंबरी नेमली होती. इथं शिकारीला आलेल्या कुणा साहेबाचीच. प्राध्यापक वर्गात डोळे मिटून म्हणाले होते, "काय शैली! आणि इथल्या माणसांवर केवढी माया!" मनिषा घरी ती वाचत बसली आणि एका पानावर नीरा आली, गाळ आला, घोंगडं आलं. तिच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

गोठ्यातून तात्यांनी विचारलं, "घावला व्हय आजा?"

"घावला, तात्या!"

ती पुढचं वाचेपर्यंत तात्या सायकलवर बसून डेअरीकडं गेलेही होते. पुढं काय होतं? गाळाच्या काठी एक काळा अर्धवानर उभा होता. त्याच्या तोंडून निघाली ती माणसाची भाषा नव्हे, गुरगुर होती. त्याच्या अंगाच्या वासानं घोडा मागं सरला. सुटका झाल्यावर साहेबानं उरलेला पाव फेकला, आधी कुत्र्याला, मग ह्याला. मनिषानं पुस्तक मिटलं. पन्नास वर्षं ज्याच्या जिवावर सासरा ताठ चालला, तो आजा ह्या पानावर चार पायांवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध नासेल एवढी गर्दी. मनिषा डोक्यावर पदर घेऊन फॅट काढायच्या टेबलाशी उभी राहिली. समोर तात्या, नवा फेटा बांधून. त्यांचे डोळे असे की नवरदेवाचेही नसतात.

"वाच, पोरी. ह्या आबाजीरावास्नी ऐकू जाईल असं वाच."

मनिषानं घसा साफ केला. "काठावर एक सावळा पुरुष उभा होता. साक्षात मारुतीसारखा."

"मारुती!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का?"

"त्याचा आवाज ऐकून रान थरारलं. त्याचं तेज बघून साहेबाचा घोडा अदबीनं मागं सरला. मग साहेबानं त्याला शेजारी बसवून जेवू घातलं."

आबाजी पाटलाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण गडी चिवट. "त्या वक्ताला आमचा पणजा पाटीलकीवर व्हता. त्येचं काय लिवलंय?"

मनिषानं पुढची ओळ पाहिली. तिथं साहेबाला सलाम ठोकणारा पाटील म्हणजे फेटा बांधलेला सुजलेला बेडूक होता. "पाटील... अंगानं भारदस्त होते," ती म्हणाली. आबाजी खूश झाला, आणि सगळ्यांना चहा त्यानंच पाजला.

प्रकरण इथं मिटायचं. पण तात्यांचा आनंद घरात मावेना. त्यांनी ठरवलं, फाट्यावर पाटी लावायची. मनिषा म्हणाली, मी मराठीत छान लिहून देते.

"मराठीत कशाला? लोकं म्हंतील, तात्यानं मनानंच रचलंय. सायबाची अक्षरं पायजेत. जशीच्या तशी."

फाट्यावरून बारामतीला कॉलेजच्या पोरांनी भरलेल्या एसट्या जायच्या. म्हाताऱ्यानं स्वतःच्या आज्याला स्वतःच्या खर्चानं, ऑइलपेंटमध्ये, माकड म्हणायचं? तिनं पुस्तक धान्याच्या कणगीत लपवलं. पण इंग्रजी पानं म्हटल्यावर तात्यांना वासच यायचा. तिसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन कॅनॉलला गेली, आणि परत येते तर कणगीचं झाकण उघडं, आणि खुणेची काडी घातलेलं पुस्तक गायब.

ती तशीच फाट्याकडं पळत सुटली. भिगवणचा मानसिंग पेंटर शिडीवर चढलेला होता. त्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण चित्र काढावं तशी अक्षरं तो हुबेहूब उतरवायचा. 'काळा' उतरवून झाला होता. पठ्ठ्या 'अर्धवानरा'ला हात घालत होता. खाली तात्या, आबाजी आणि निम्मी डेअरी.

"थांबा! उतरा खाली!"

"का गं?" तात्या म्हणाले. "अक्षर वाकडं आलं व्हय?"

"अक्षर सरळ आहे तात्या. मीच वाकडं वाचलं." मग तिनं पुस्तक घेतलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. अर्धवानर, गुरगुर, वास, पाव. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मानसिंगच्या ब्रशावरून रंग ठिपकत राहिला. आबाजी खो खो हसत सुटला. "अरारारा! मारुती म्हनं! तात्या, शेपूट कुठं ठिवलं वो आज्यानं?"

"तुमचेही पाटील आहेत की पुढं," मनिषा म्हणाली, आणि बेडूक वाचला. फेट्यासकट.

आबाजीचं हसू घशातच अडकलं. "जाळा! जाळा ते पुस्तक! सायबाच्या आयला त्येच्या... बेडूक? आमचा पणजा?"

तात्या मात्र शिडीला टेकून उभे. म्हणाले, "माकड म्हनला, म्हनू दे. गाळात रुतलेल्याची नजर धड नसती. नाव काय लिवलंय आज्याचं?"

मनिषानं मान हलवली. "नाव नाही, तात्या. कुठंच नाही."

"घोड्याचं हाय?"

"आहे. ड्यूक."

"आन कुत्र्याचं?"

"प्रिन्स."

"बंदुकीचं?"

मनिषा अडखळली. "बंदुकीचंसुद्धा आहे."

तात्यांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. माकडानं जे केलं नव्हतं ते ह्या बंदुकीनं केलं. "आरं, दोनशे मेंढरं व्हती आज्याची. येकेकीला नाव व्हतं. मोरी, भुरी, लांडी. खाटकाला इकायची झाली तरी नाव घिऊन हात फिरवायचा. आन ह्यो मानूस! ज्यानं वर वढला, त्येला इचारलं न्हाय, बाबा, तुला म्हंत्यात काय?"

आता कुणी हसलं नाही. आबाजीसुद्धा.

"मानसिंग," तात्या म्हणाले, "पूस ते. आन मी सांगतो तसं लिव. मराठीत."

संध्याकाळपर्यंत पाटी झाली. निळ्यावर पांढरी अक्षरं:

'जोतीराम देवकाते, मुक्काम सणसर, यांनी नीरेच्या गाळात रुतलेला एक साहेब घोंगड्याने ओढून काढला. बरोबर साहेबाचा घोडा ड्यूक व कुत्रा प्रिन्स हे हजर होते. साहेबाचे नाव माहीत नाही.'

"तात्या," मनिषा हळूच म्हणाली, "साहेबाचं नाव पुस्तकावर छापलंय की."

"आसंल. आपल्याला कुटं वाचता येतं?"

मनिषाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती घरी गेली, आणि परीक्षेत लेखकाच्या मायेवर प्रश्न आला तेव्हा चार पानं फक्त त्या न लिहिलेल्या नावावर लिहून आली. मार्क बेताचेच पडले. तात्या म्हणाले, तपासनारा गाळात रुतला आसंल.

राहता राहिला आबाजी. पाटी लागल्यावर आठवडाभर तो तात्यांच्या घराभोवती घुटमळत होता. शेवटी एका सकाळी ओसरीवर येऊन टेकला.

"तात्या, येक इनंती हाय. आमच्या पणज्याचंबी नाव टाका की पाटीवर. त्यो बी हजर व्हता."

"टाकू की आबाजीराव. त्यात काय!" तात्यांनी आत मनिषाला चहा टाकायला सांगितला. "जागा जरा कमी हाय, पर कुत्र्याच्या वर बसवतो. काळजी करू नगा."