चारशे सतरा नंबरचा टोबी

अर्लीन झिमरबाईंनी आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढला. प्रत्येकाला एक पळी, वरून सपाट केलेली. मेयरच्या मुलीला एक पळी, आणि ज्याच्या घरी रात्रीच्या जेवणाची खात्री नसे त्यालाही एकच. फक्त त्याची पळी सपाट करायला त्या विसरायच्या. निवृत्त झाल्यावर पळी सुटली, पण हाताची सवय सुटली नाही. ती सगळी बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांत उतरली.

मी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. ओहायोतल्या या गावात फेब्रुवारी आला की लोक बर्फाला कंटाळलेले असतात, आणि बाई मात्र नवीन वर्षाच्या कार्डांची वाट बघत असतात. दर वर्षी नवा संच निघतो. पाकिटं फोडायची, कार्ड उपडी करून पाठीवरच्या नंबरांनी लावायची, नऊ खणांच्या प्लॅस्टिकच्या पानांत सरकवायची आणि दुबार आलेली कार्डं अदलाबदलीसाठी बाजूला ठेवायची. असा एकेक संच त्या पुऱ्या करत आल्या आहेत. बैठकीच्या खोलीतल्या फडताळात त्या जाडजूड फायली अशा उभ्या असतात, की पाहुण्यांना वाटावं बाई वकील होत्या.

त्यांचे नियम कडक आहेत. सुटं कार्ड विकत घ्यायचं नाही. कार्डाच्या बदल्यात कार्डच, आणि तेही तोलामोलाचं. आणि जुना संच पुरा झाल्याशिवाय नवीन वर्षाचं पाकीट आपण स्वतः उघडायचं नाही.

त्यांचा मुलगा केंट कोलंबसला विमा विकतो. तो फोनवर म्हणायचा, "आई, कॉम्प्युटरवर आख्खा संच मिळतो. उद्या दारात येईल."

"शब्दकोडंही उत्तरं भरून मिळत असेल. मागवतोस का?"

मागच्या सप्टेंबरात संच पुरा झाला. बाईंनी भोपळ्याचा केक केला, शेजाऱ्यांना बोलावलं, आणि फाइल टेबलावर नवजात बाळासारखी मधोमध ठेवली. ऑक्टोबरअखेर हॅलोविनला दारावर आलेल्या पोरांना त्यांनी चॉकलेटबरोबर एकेक दुबार कार्डही वाटलं. पोरं चॉकलेट लगेच तोंडात टाकायची आणि कार्डाकडे बघायची ती गृहपाठ दिल्यासारखी.

नोव्हेंबरमध्ये अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये महिन्याचा कार्डबाजार भरला. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडेच. बाई कौतुकाने फाइल घेऊन गेल्या. ती बघायला बसले व्हर्जिल होस्टेटलर, गावातले जुने न्हावी. अर्ध्या गावाची डोकी त्यांनी घडवलेली, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल ते हळहळत असतात. कुठलंही पान ते डोकं वाकडं करून बघतात, कल्ले सारखे आहेत का ते तपासावं तसं.

एका पानावर ते थांबले. "अर्लीन, हा टोबी रस्टन डोक्यावर बादली घालून का उभा आहे?"

"मस्करी करत असेल. पिचर आहे, चेंडू टाकून झाला की त्याला दुसरं काम काय?"

"चारशे सतरा नंबरच्या कार्डावर तो चेंडू टाकतोय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बाजूची खुर्ची ओढून बसल्या.

झालं होतं असं. कंपनी काही नंबरांची दोन कार्डं काढते. एक साधं, ते ढिगाने निघतं. दुसरं गमतीच्या फोटोचं, ते क्वचित एखाद्या पाकिटात येतं. नंबर दोन्हींवर एकच. बाईंची लावायची पद्धत पाठीवरून. चारशे सतरा दोनदा आले, म्हणजे एक दुबार. वरचं त्यांनी फाइलमध्ये ठेवलं आणि खालचं हॅलोविनच्या टोपलीत टाकलं. वरचं बादलीवालं होतं.

"अगं, मग तू नशीबवान!" व्हर्जिल म्हणाले. "याच्या किमतीत माझ्या दुकानातल्या खुर्चीचं कातडं बदलून होईल."

"हा संचातला नाहीये, व्हर्जिल. हा पाहुणा आहे. घरातला माणूस मी वाटून टाकला."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी हॅलोविन उलटा केला. आता त्याच पोरांची दारं त्या वाजवू लागल्या. "बाळा, मी तुला टोबी रस्टन दिला होता का?" एका घरी आईने पँट धुतल्यावर खिशातून निघालेला लगद्याचा गोळा आणून दाखवला. बाईंनी तो उन्हात धरला. एका कडेला सातच्या आकड्याची शेपटी दिसत होती.

"हाच असेल का हो?" त्या बाईने ओशाळून विचारलं.

"हाच," अर्लीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो गोळा रुमालात गुंडाळून घरी आणला. त्याचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

साधा टोबी कवडीमोलाचा होता, आणि तीच खरी अडचण होती. मोलाची कार्डं लोक काचेत जपतात, कवडीमोलाची कोणी बाजारात आणतच नाही, टेबलावरची जागा अडते म्हणून. डिसेंबरच्या बाजारात बाई टेबलाटेबलाशी जाऊन म्हणाल्या, "साधा टोबी द्या, हा बादलीवाला घ्या." सगळे खाली बघायला लागले. आमच्याकडे माणूस पाहुण्याला शेवटचा घास वाढून उपाशी उठेल, पण वयस्कर बाईला लुबाडलं असं कोणी म्हटलेलं त्याला चालत नाही. एकाकडे बहुधा टोबी होताही. तो म्हणाला, "घरी बघतो," आणि गाडीत जाऊन बसला तो परत आलाच नाही.

जानेवारीचा बाजार शेवटचा. त्यानंतर नवीन संच येणार. तोवर टोबी मिळाला नाही तर या वर्षी बाई पाकीट उघडणार नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. केंटनेही फोन करून मला विचारलं, "जेवते ना ती नीट?"

त्या दिवशी बर्फ गुडघ्यापर्यंत होता. केंट मुद्दाम आला होता. आम्ही बाईंना दोन्ही बाजूंनी धरून रस्ता ओलांडला, म्हणजे बाईंनीच आम्हाला धरलं. व्हर्जिल आधीच बसले होते. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. टोबी रस्टन, चेंडू टाकताना, तोंड जरा वाकडं.

"एका घराच्या आवराआवरीत कार्डांचं खोकं मिळालं, त्यात होता. घे."

बाईंचा हात पुढे आला आणि थांबला. "काय देऊ?"

"काही नको."

"मग नको."

"अर्लीन, तो दमडीचाही नाही!"

"म्हणूनच फुकट नको. हा घे बादलीवाला."

"मी न्हावी आहे, दरोडेखोर नाही."

"आई, केक दे त्यांना," केंट कुजबुजला.

"केक ते केव्हाही येऊन खातात. तो सौदा नव्हे."

हॉलमधली अदलाबदल थांबली. लोक कॉफीचे कप घेऊन जवळ आले, पण बघत नसल्यासारखे. टेबलावर टोबी एकटाच पडला होता आणि दोन म्हातारी माणसं त्याला एकमेकांकडे एका बोटाने सरकवत होती.

शेवटी बाईंनी विचारलं, "तुला काय हवंय ते सांग."

"मला काही नकोय."

"खोटं बोलतोय," मागून बाजार भरवणारा डेनिस म्हणाला. "उडालेला चेंडू झेलायला मुखवटा भिरकावून वर बघणारे कॅचर गोळा करतो ना हा. डॅनबरी नावाचा एक कॅचर राहिलाय त्याचा. दर बाजारात माझं डोकं खातो."

व्हर्जिलचे कान लाल झाले. "डेनिस, तुला कोणी विचारलं?"

बाईंनी टोबीवरचं बोट उचललं. डॅनबरी त्यांच्याकडे होता. दुबार नव्हता. ज्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, त्या वर्षीच्या पुऱ्या संचात होता.

त्या उठल्या. "कोणी हलू नका," म्हणाल्या आणि एकट्याच रस्ता ओलांडून गेल्या. परतल्या तेव्हा कोटाखाली त्या जुन्या वर्षाची फाइल होती आणि टोपीवर बर्फ. इतकी वर्षं एका जागी बसलेलं कार्ड खणाला चिकटलं होतं. त्यांनी नखाने हळूच सुटं केलं. रिकाम्या खणातून मागच्या पानाचा रंग दिसू लागला.

"अर्लीन, नको," व्हर्जिल म्हणाले. "संच मोडू नकोस."

"दमडीला दमडी. हात पुढे कर."

त्यांनी केला. कार्डं बदलली गेली. हॉलमध्ये कोणीतरी टाळी वाजवली आणि लाजून लगेच थांबलं. व्हर्जिल डॅनबरीकडे बघत राहिले आणि बाईंनी आधीच सोबत आणलेल्या सरत्या वर्षाच्या फाइलमध्ये टोबीला त्याच्या खणात बसवलं.

तेवढ्यात केंट, विम्याचा माणूस, म्हणाला, "पण आई, आता तो जुना संच अपुरा झाला. म्हणजे नवीन पाकीट उघडता येणार नाही?"

बाईंचा चेहरा असा झाला, जणू पातेलं उतरवल्यावर आठवावं की मीठ घातलंच नाही. व्हर्जिलनी घाईने डॅनबरी पुढे केला. "हा परत घे."

"झालेला सौदा मोडत नाहीत."

"तुझेच नियम ना? एखादा बदल."

"स्वतःला सोयीचा? मग नियम कशाला म्हणायचं?"

पुढचे दिवस घरात फार शांत गेले. फेब्रुवारीत नवीन कार्डं दुकानात आली. बाईंनी सवयीने पाकिटांचं एक खोकं आणलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून त्याच्याभोवतीची धूळ पुसत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. व्हर्जिल होते, हजामत केलेले, हातात न्हाव्याची छोटी कात्री.

"तुझ्यासाठी दुसरा डॅनबरी शोधायला शनिवारी फाइंडले गावच्या बाजारात जायचंय. येतेस का? गाडी मी काढतो."

"येते."

"बरं." ते खोक्याकडे बघून म्हणाले, "तू उघडायचं नाही, असा नियम आहे ना?"

"हो."

"मी उघडायचं नाही असा आहे?"

अर्लीनबाईंनी खोक्याभोवती आणखी एकदा फडकं फिरवलं. मी जिन्यात उभी होते. मग त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि ॲप्रनला हात पुसले.

व्हर्जिलनी पहिलं पाकीट उचललं.

"वरच्या कडेने काप," त्या म्हणाल्या. "आणि अरे, सावकाश. ते काय कोणाचे केस आहेत?"