देवघरामागचं भोक

गेल्या गुरुवारी एका माणसाचा मला इतका राग आला, की तो अजून उतरलेला नाही... म्हणून लिहिते आहे.

अमेरिकेत ॲन आर्बरमधलं आमचं घर शंभरी ओलांडलेलं. हे गेल्यापासून वरची खोली मी विद्यार्थिनींना देते. सध्या सांगलीची प्राची आहे, पीएचडी करतेय.

हे गेल्यावर दुपारी वेळ जाईना, तेव्हा लायब्ररीतून जुन्या घरांवरची पुस्तकं आणून वाचत बसायचे. तळघराच्या भिंतीतलं लोखंडी दार कोळसा आत ओतायला होतं, हॉलच्या जमिनीतली जाळी खालच्या भट्टीची गरम हवा वर यायला... हे सगळं तेव्हा कळलं.

आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरची गोल तबकडी! पितळी काठ, वर रंगवलेलं तळं. शोभेची समजून आम्ही वीस वर्षं तिच्याखाली देवघर मांडलेलं. पूर्वी तिथे कोळशाची शेगडी होती आणि तिचा पाइप त्या भोकातून धुराड्यात जायचा. शेगडी गेली, भोकावर पातळ पत्रा बसला... तीच ती तबकडी.

धुराडं मात्र अजून वापरात आहे. तळघरात गॅसचा वॉटर हीटर आहे, त्याचा धूर त्यातूनच बाहेर जातो.

थंडीच्या आधी घट्ट बसणाऱ्या नव्या खिडक्या करून घेतल्या, स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट फॅन लावला. तेव्हापासून माझं डोकं ठणकायला लागलं. सगळे म्हणाले, एकटेपणाने होतं असं... माझं दुःख मला चांगलं ठाऊक आहे. ते कपाळात दुखत नाही.

देवापुढच्या दिव्याची ज्योत नेहमी किंचित तबकडीकडे झुकायची. धुराडं हवा ओढून घेतं ना! बुधवारी संध्याकाळी फॅन चालू होता आणि ज्योत उलटी, माझ्याकडे वळली. खिडक्या घट्ट, फॅन घरातली हवा बाहेर फेकणार, म्हणजे तिची जागा भरायला धुराड्यातली हवा घरात येत होती.

गुरुवारी सकाळीच खिडक्या आणि फॅन बसवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, सगळं समजावून सांगितलं. तो हसला. "मॅम, इट्स जस्ट डेकोरेशन." वर म्हणाला, घर मेणबत्तीने तपासत नाहीत, तुमच्या मुलाचा नंबर द्या, त्याच्याशी बोलतो. मुलगा लांब टेक्सासात, शुगर लँडला. इथे वर्षातून चार दिवस येतो, त्याला काय विचारणार?

प्राची जिन्यात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "काकू, याला वाटतं तुम्ही इथे पाहुण्या म्हणून आलाय!"

मला हसू आलं नाही. दुसऱ्याची लेक माझ्या छपराखाली झोपते... तिला काही झालं असतं तर सांगलीला फोन कोणी करायचा?

मी सरळ गॅस कंपनीला फोन लावला. तासाभरात एक टेक्निशियन बाई आली. तिने आधी ऐकून घेतलं, मग फॅन आणि गरम पाणी चालू करायला सांगून हातातला मीटर तबकडीजवळ धरला. मीटर ओरडायलाच लागला. कार्बन मोनॉक्साइड... वास नसलेला विषारी वायू.

"कोट घाला आणि दोघी बाहेर चला." त्या वायूचा आमचा अलार्म वरच्या मजल्यावर. तो वाजेल इतका गॅस तिथवर पोचलाच नव्हता... बर्फात उभी राहून प्राचीने माझा हात जो धरला, तो सोडलाच नाही.

बाईने हीटर बंद करून त्याला 'वापरू नका' अशी लाल चिठ्ठी बांधली. हे ओळखलं कोणी, असं विचारलं आणि रिपोर्टमध्ये माझं नाव लिहिलं, स्पेलिंग विचारून. तिचे आभार मानावे तेवढे थोडे. तुमचं घर जुनं असेल, भिंतीवर अशी गोल तबकडी असेल, तर धुराडं तपासून घ्या... आजच.

शनिवारी मुलाचा फोन आला. "आई, मी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून सगळं सांगितलं. तो सॉरी म्हणाला."

"कोणाला?"

त्याने इकडच्या बर्फाचा विषय काढला...

हे असते तर त्या माणसाने यांचं लगेच ऐकलं असतं. घरातला बल्बसुद्धा मी बदलायचे, ती गोष्ट वेगळी. पण यांना मी ओळखते ना... हे त्याला म्हणाले असते, "मला काय कळतंय? हिला विचारा."