गुडघ्याचे तीन महिने

सुरुवातीला पळताना कधीच दुखलं नाही, ही त्या गुडघ्याची हरामखोरी. पळून घरी यायचे, आंघोळ करायचे, भात खायचे आणि पाटावरून उठायला गेले की उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली अशी कळ यायची की तोंडातून "वो माय" निघायचंच. पायऱ्या चढणं एक वेळ जमायचं, उतरताना जीव जायचा. सिहोऱ्याहून एसटीनं आले की कंडक्टर ओरडायचा, "उतरा ना बाई लवकर," आणि मी सीटचा दांडा धरून तशीच उभी.

पोलीस भरतीसाठी पळत होते मी. बाबांनी उन्हाळा लागायच्या आधीच सांगून टाकलं होतं, "यंदाची भरती पाह्य. झालं तं झालं, नाही तं पाहुणे बोलावतो." बाबा कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं फिरत नाही. याआधीच्या भरतीत मी मैदानावरच गळाले होते. पोरींना आठशे मीटर पळायचं असतं, माझं घोडं तिथंच अडलं. लग्नाचा मला तिटकारा होता असंही नाही, खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे लग्न म्हणजे या गावच्या धानाच्या बांधीतून त्या गावच्या बांधीत. इथं आईशेजारी धान रोवायचा, तिथं सासूशेजारी. मला त्या चिखलातून बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायला माझ्याजवळ दोन पायच होते.

उन्हाळाभर तलावाच्या पाळीवर पळाले. माती मऊ, वर आंब्याची सावली, काही त्रास नव्हता. पाऊस लागला, पाळ निसरडी झाली, तशी मी डांबरी रस्त्यावर आले. दिवस निघून जात होते, म्हणून एकाच आठवड्यात पळणं दुपटीवर नेलं. वरून मोबाईलवर पाहून बेडूकउड्या आणि उठाबशा सुरू केल्या. हे सगळं पहाटे. उजाडलं की रोवणीला. आधी पऱ्हे काढायचे, म्हणजे रोपं उपटायला तासन्‌तास उकिडवं बसायचं. मग वाकून, चिखलात मागं मागं सरकत ती रोवायची. दुष्काळात तेरावा महिना.

आमच्या गावच्या पुलियावर, नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, काही पोरं बसलेली असतात. स्वतः कधी बकरीमागंही पळाली नसतील, पण सल्ला द्यायला पहिली. "दुखते म्हणजे बॉडी बनून राहिली. आता थांबशील तं सगळं गेलं." उंटावरून शेळ्या हाकणारी ती पोरं, आणि मी शहाणी त्यांचंच खरं धरून बसले. दुखलं की आणखी एक फेरी मारायचे. आई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून चोळायची, रुईची पानं बांधायची. ती वळली की मी किराणा दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी गिळायचे. गोळीनं दुखणं झोपायचं, आणि मी ते बरं झालं समजून पुन्हा पळायचे.

मग एका सकाळी पऱ्हे काढता काढता मला उठताच येईना. एक हात चिखलात टेकला, दुसरा टेकला, तरी गुडघा सरळ होईना. बाजूच्या बायका हसल्या. "का वो पोलीसबाई, आतापासूनच सलामी देऊन राहिली का?" मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी भोकाड पसरलं. त्या पाण्यात बसूनच रडले. सगळं संपलं, असं तेव्हा वाटलं, आणि ते वाटणं पुढं कितीतरी दिवस गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं रोवणीचा खाडा केला आणि मला तुमसरला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं गुडघा वाकवून पाहिला, दाबून पाहिला, पायऱ्या उतरताना दुखतं का, बसून उठताना दुखतं का, ते विचारलं. माझाच तळहात वाटीवर ठेवून म्हणाला, "आता वाकव." आत करकर झाली. मी म्हणाले, "तुटलं का जी आतमंदी?"

"काही तुटलं नाही. सूज नाही, गुडघा अडकत नाही, चालताना दगा देत नाही. ही वाटी मांडीच्या जोरावर सरकते. तुझी मांडी जेवढं पेलू शकते त्याच्या कितीतरी जास्त ओझं तू एकदम टाकलंस. डांबरी रस्ता, उड्या, आणि दिवसभर उकिडवं बसणं. मांस दुखलं तर एक-दोन दिवसांत उतरतं. पण सांध्याचं दुखणं पळाल्यावर वाढलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर समजायचं, जास्त झालं. ते सांगत होतं, तू गोळी देऊन त्याचं तोंड बंद केलंस."

मग त्यानं व्यायाम दाखवले. पाय सरळ ठेवून उचलायचा, भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली सरकायचं, सपाट जागेवर उलटं चालायचं. आईला राहवलं नाही. "दुखणं गुडघ्याचं अन् कसरत मांडीची? अन् उलटंच चालाचं आहे तं रोवणी काय वाईट होती?" डॉक्टर हसला. चिखलातून वाकून पाय उपसणं वेगळं, सरळ उभं राहून चालणं वेगळं, असं त्यानं समजावलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा हात तिच्याच गुडघ्यावर गेला होता. डॉक्टरनं पाहिलं. "तुम्हाला दुखतं का हो?"

"मले कायले दुखते?" म्हणत तिनं हात पदराखाली घेतला.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"हळूहळू वाढवलं तर तीन महिने धर. बरं होण्यासारखं आहे, घाई करू नको."

बरं होण्यासारखं आहे! लोक असं ऐकून पेढे वाटतात. मला मात्र त्या डॉक्टरचा गळा धरावासा वाटला. मैदानाची तारीख पुढच्याच महिन्यात होती. काही तुटलं असतं तर नशिबाला शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथं सगळं कळलं होतं, का दुखतं, कशानं बरं होईल, आणि जे लागणार होतं तेवढंच माझ्याकडं नव्हतं.

तरी केलं. आईनं मला पऱ्ह्यांत बसू दिलं नाही, माझ्या वाटचंही तीच उपसायची. पाऊस उघडला की संध्याकाळी पाळीवर मी उलटी चालायचे आणि ती तुडुमापाशी, तलावाचं पाणी सोडतात तिथल्या दगडावर बसून ओरडायची, "उजवीकडे सरक वो, पडशीन तलावात!" दुखणं कमी होत होतं, हे खरं. रोज थोडं कमी व्हायचं आणि रोज एक दिवसही कमी व्हायचा. रात्री पडल्या पडल्या मी गुडघ्याला हात लावून अक्षरशः भीक मागितली आहे. देवाला कमी, त्यालाच जास्त.

भंडाऱ्याच्या मैदानावर पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर वाटीखाली तीच कळ आली. मी थांबले नाही, पण पाय आपोआप आखडता पडायला लागला, आणि पोरी एकेक करून बाजूनं निघून गेल्या. रेघ ओलांडली तेव्हा वेळ केव्हाच होऊन गेली होती. पाणी देणाऱ्या बाईनं विचारलं, "लागलं का?" मी नाही म्हणाले. खरंच कुठं काही लागलेलं नव्हतं.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. माझं तोंड पाहूनच त्यांना कळलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रविवारी लाखांदूरचे पाहुणे येतीन." मी भिंतीला टेकून बसले.

आई दारात बसून तांदूळ निवडत होती. बाबांच्या शब्दापुढं तिला बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आयकता का जी, पाहुण्यायले नाही म्हणून सांगा. डाक्तरनं इच्या गुडघ्याले तीन महिने सांगतले. तीन महिन्यानं हे पोरगी पुन्हा पळन."

"अन् तवाबी नाही झालं तं?"

"तं तवा पाहू. माह्या गुडघ्याले कोनं तीन दिवसबी नाही देल्ले. इले मी तीन महिने देतो."

आई दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उठली, लहानपणापासून मी पाहत आले तशीच, आणि भात टाकायला आत गेली.