राघूअण्णांनी पाहिलेलं स्थळ

पोपट मागायला आलेल्या माणसाला राघूअण्णा आधी पोपट दाखवत नसत. ‘तुमचं घर कुठं हाय?’ एवढं विचारत, डोक्यावर टोपी चढवत, वहाणा सरकवत आणि त्या माणसाच्या पुढे चालू लागत. मुलीचा बाप जावयाचं घर बघायला जातो ना, तसे. चूल कुठे आहे, धूर कुठून बाहेर जातो, घरात मांजर आहे का, दुपारी माणूस असतं का, हे सगळं बघून-विचारून घेत. पुढे केलेला चहा पीत, सुपारी खात आणि उठता उठता म्हणत, ‘न्हाय जमत. तुमच्याकडं दुपारी कुलूप असतंय.’ नकार ऐकून माणसं चिडत. एका वकिलाने तर ‘मी पोपट मागितला, मुलगी नाही’ असं सुनावलं होतं. त्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, ‘पोरगी परत म्हायेरला तरी येती. ह्यो कुठं जाणार?’

बेळगावजवळच्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. जातीचे विणकर, खड्ड्यातल्या मागावर बसून लुगडी विणायचे. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नव्हतं. पुन्हा लग्न कर म्हणणाऱ्यांना ते पिंजऱ्यांकडे बोट दाखवत. त्यांचा जीव होता तो थोराड जातीच्या राघूंवर. खांद्यावर लाल ठिपका, लालभडक जाडजूड चोच आणि हातभर लांबीचा ऐवज. आपले पेरू कुरतडणारे लहान पोपट म्हणजे त्यांच्या लेखी चिमण्याच. नंदगडकडची माणसं जंगलातली पिल्लं टोपलीत घालून बाजाराला आणायची. गिऱ्हाइकं त्यातलं गप्प बसलेलं, हात लावू देणारं पिल्लू उचलायची. अण्णा मात्र चोच उघडून अंगावर येणारं घ्यायचे. ‘गप बसलेलं गरीब नसतंय गं पोरी,’ ते मला सांगायचे, ‘ते आजारी असतंय. शेपटीखाली बघ, घाण लागलीया. डोळा बघ, मिटाय लागलाय. भांडणारा घ्यावा. भांडतोय म्हंजे जगायची इच्छा हाय.’ पुढे माझ्या मुलांच्या हट्टीपणाबद्दल कोणी तक्रार केली की मला हे वाक्य आठवायचं आणि मी मुलांना रागवायचं सोडून द्यायची.

पिल्लू घरी आलं की अण्णांच्या घरात बाळंतीण असल्यासारखी शिस्त. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, कोवळं कणीस, हिरवी मिरची. फोडणीचं काही नाही, मीठ नाही, चहात बुडवलेली बिस्किटं तर मुळीच नाहीत. दर चार दिवसांनी बाभळीची ओली फांदी. ‘त्याला दात न्हाईत, पर कुरतडायला काय तरी पायजेच. न्हायतर तुमचा दरवाजा खातंय.’ हे ते अनुभवाने बोलत होते. गल्लीतले सगळे विणकर त्यांना वेड्यात काढायचे, कारण मागाच्या घरात असला पक्षी पाळणं म्हणजे कापसाच्या वखारीत दिवा लावण्यासारखं. एकदा त्यांच्या गिणप्पा राघूने मागावर चढवलेला अख्खा ताणा कातरून टाकला. आठवडाभराचे कष्ट मातीला मिळाले. आम्ही सगळे बघायला धावलो. अण्णा तुटलेली सुतं हातात घेऊन बसले होते आणि गिणप्पा त्यांच्या खांद्यावर. ‘माझंच चुकलं,’ ते म्हणाले. ‘काल फांदी आणायची राहून गेली.’

गिणप्पा हा त्यांचा स्वतःचा राघू. कानडीत पोपटाला गिणी म्हणतात, त्याला अण्णांनी मान म्हणून अप्पा जोडला. तो पिंजऱ्यात राहत नसे. मागाशेजारी आडव्या दांड्यावर बसून धोट्याची खटखट हुबेहूब काढायचा, इतकी की अण्णा जेवायला उठले तरी शेजाऱ्यांना माग चालूच आहे असं वाटे. दारात कोणी दिसलं की म्हणायचा, ‘आलासा? बसा.’ बाजारातून परतताना अण्णा गल्लीच्या तोंडाशी दातांतून एक बारीक शीळ घालत. गिणप्पा आतून तशीच शीळ घाली. मग आम्हाला कळे, अण्णा आले.

पण अण्णांचं वय होत चाललं होतं, आणि त्यांचा सगळ्यात कडक नियम वयाचाच होता. हा थोराड राघू दोन-तीन तपं सहज जगतो, म्हणून म्हाताऱ्या माणसाला ते तो कधीच देत नसत. ‘तुमच्या मागं त्याचं कोण?’ हा प्रश्न त्यांनी गावातल्या कितीतरी आजोबांच्या तोंडावर विचारला होता. आता तोच प्रश्न गल्ली त्यांना विचारू लागली. आधी थट्टेने, मग खरोखरीच. गिणप्पासाठी अण्णांनी शहापूर पालथं घातलं, बेळगावातले बंगले पाहिले. कुठे कुत्रा होता, कुठे मालक ओरडून बोलायचा, कुठे नुसता शोभेला पाहिजे होता. दरवेळी नकार देऊन परत आले की त्यांचा चेहरा उतरलेला असे आणि थोडासा खुललेलाही असे. घर मिळालं नाही म्हणजे गिणप्पा अजून आपलाच, हा आनंद त्यांना लपवता यायचा नाही.

त्याच सुमाराला माझ्या लग्नाचं निघालं. निपाणीची दोन स्थळं आली होती. वडिलांनी घरं बघायला जाताना अण्णांना बरोबर नेलं. घरात खोट काढायची झाली तर त्यांच्यासारखा माणूस पंचक्रोशीत नाही, असं आई म्हणाली. वडिलांचा डोळा तंबाखूच्या व्यापाऱ्यावर होता. मोठं घर, दारात बैलगाड्या, मागे तंबाखूची वखार. अण्णा आत गेले ते शिंकतच. बाहेर येऊन म्हणाले, ‘लई मोठं घर हाय. पर श्वास घ्यायला जागा न्हाय.’ दुसरं घर बाजारपेठेत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर. मुलगा त्या दुकानात कारकून, सासू दिवसभर घरात आणि हळू बोलणारी. तिथे अण्णांनी मुलाला काय शिकलास, किती मिळवतोस यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : ‘दुपारी घरात कोण असतं? मोठ्यांदा कोण बोलतं? मांजर?’ वडिलांची मान खाली गेली. सासूबाई मात्र हसल्या आणि सरळ उत्तरं दिली. वाटेत अण्णा वडिलांना म्हणाले, ‘पोरगी हितं द्या. डोळं झाकून द्या.’ वडिलांनी दिली, आणि माझा संसार सुखाचा झाला.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा अण्णा एकदा निपाणीला आले. लढाईचे दिवस, मोटार कोळशावर चालायची, चढ आला की उतारूंनी खाली उतरून चालायचं. त्या मोटारीतून फडक्याने झाकलेली करंडी मांडीवर घेऊन ते आले होते. फडकं काढलं तर आत गिणप्पा. अण्णा म्हणाले, ‘सूत मिळंना झालंय. माग बंद हाय. घरात सुनं सुनं वाटतंय त्येला. आन माझं वय तुला ठावं हाय.’ मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, ‘हे घर मी तवाच बघून ठेवलंतं. पोरीसाठी बी, ह्येच्यासाठी बी.’

‘तुम्ही असेपर्यंत राहू द्या की तुमच्याजवळ,’ मी म्हणाले.

‘न्हाय. मी मेल्यावर दिला तर त्येला वाटंल, मला टाकला. जित्यापणी हातानं द्यावा.’ त्यांनी गिणप्पाला खिडकीजवळच्या दांड्यावर बसवलं, पाठीवरून एक बोट फिरवलं. चहा घेतला नाही. जाताना मी त्यांना पुन्हा कधी येणार विचारलं, तर त्यांनी आपला शेवटचा नियम सांगितला : दिलेल्या राघूच्या घरी जुन्या मालकाने पाऊल टाकायचं नाही. तो दिसला की राघू खाणं सोडतो, नव्या घरात रुजत नाही. जिना उतरताना त्यांनी मागे पाहिलं नाही.

गिणप्पा रुजला. सासूबाईंच्या हातची डाळ खाऊ लागला, माझ्या पोळपाट-लाटण्याच्या आवाजाला माग समजून खटखट करू लागला. फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसायचं. दांड्याच्या खिडकीकडच्या टोकाला जायचा, मान वाकडी करून खाली बघायचा आणि ती बारीक शीळ घालायचा. आम्हाला वाटायचं, बाजाराच्या गलक्याने बिथरतो. अण्णा मात्र आले नाहीत. माझं पहिलं बाळंतपण झालं, बारसं झालं, तरी आले नाहीत.

स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या वर्षी वडगावाहून अण्णा गेल्याचा निरोप आला. काही दिवसांनी समोरच्या कासाराकडे बांगड्या भरायला गेले, तेव्हा त्याने सहज विचारलं, ‘ते लुगडीवाले आजोबा हल्ली दिसत नाहीत?’ मी विचारलं, कोण आजोबा? ‘तुमच्याच गावचे की वो. दर बाजाराला यायचे. बगलेत लुगड्यांचं गाठोडं. ह्या पायरीवर बसायचे, तुमच्या खिडकीकडं बघत. गाठोडं मात्र कधी सोडलं न्हाय. एकदा मी इच्चारलं, इकायचं न्हाय का? तर म्हणाले, माझा बाजार झाला.’

मी हात तसाच सोडवून घेतला. मला रडू आलं त्याआधी राग आला. नियम राघूला होता, मला नव्हता. दुकानाच्या मागच्या दाराशी येऊन मला हाक मारली असती, माझं बाळ मांडीवर घेतलं असतं, तर कुठला राघू उपाशी राहणार होता? पण अण्णांना अर्धा नियम पाळता यायचा नाही.

गिणप्पा अजून आहे. बाजाराच्या दिवशी अजून तो खिडकीशी जातो, शीळ घालतो आणि थांबतो. मला शीळ घालता येत नाही. मी हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ जाते आणि त्या रिकाम्या पायरीकडे बघून म्हणते, ‘आलासा? बसा.’