कोतवालकाकांचा राखीव शब्द

मंडळी, एका शब्दाच्या बाबतीत इतका कंजूष माणूस उभ्या दारव्हा तालुक्यात सापडायचा नाही! आमचे कोतवालकाका तसे बोलघेवडे. पण ‘पूर’ त्यांच्या तोंडून काढणं महाकठीण. यंदा निवृत्त होऊन ते आर्णीला लेकीकडे गेले, म्हणून आता बिनधास्त सांगतो.

बोरी अरबजवळच्या आमच्या गावात थाळी वाजवून दवंडी देणं त्यांचं काम. “नाला भरला हो!” म्हणजे पोरांना शाळेतच थांबवा. “पानी चढलं हो!” म्हणजे गुरं वर न्या. आणि ‘पूर’ म्हणजे चुलीवरची भाजी तशीच सोडून निघा. पेपरात ‘शुभेच्छांचा पूर’ दिसला की काका विचारत, “याच्यात कोनाची म्हैस वाहून गेली?”

एकदा मी गावाच्या ग्रुपवर ‘नाल्याला महापूर’ असं झोकात लिहिलं. काका सायकलवरून थेट दारात. “काहून बे, गुडघाभर पान्याले महापूर? उद्या खरा आला तं त्याले काय म्हनशीन?” मी तिथल्या तिथे ते पुसलं.

मग ती दुपार आली. सरपंचांच्या फोनवर तालुक्याहून संदेश : पूरस्थितीची शक्यता. सरपंच म्हणाले, “काका, पुराची दवंडी द्या.”

“शक्यतेची दवंडी नसते, सरपंच. लोकं एकदा फुकट पळाले का दुसऱ्यांदा उठत नाही.” थाळी काखेत मारून काका नाल्याकडे चालते झाले. खालच्या वस्तीचा जीव एका म्हाताऱ्याच्या हट्टावर टांगलेला!

दोन तासांनी थाळी कडाडली. “पूर!” एकच शब्द. ‘खरंच का?’ असं कुणीही विचारलं नाही. अर्ध्या तासात अख्खी वस्ती टेकडीवरच्या शाळेत, आणि मागोमाग पाणी घरांत. माणूस एकही गेला नाही. आजही सांगताना माझी छाती फुगते.

“उशीर झाला असता तर?” सरपंचांनी विचारलं.

“म्हनून तं दोन तास पान्यातच उभा होतो.”

वस्तीतलं सगळ्यात खालचं घर काकांचंच. ते डोळ्यांदेखत बुडत होतं. काकू सगळ्यांसारख्याच, कणकेच्या हातांनी धावत आलेल्या. “गावाचं जाऊ द्या, मले तरी पहिले सांगाचं! बायकोलेही दवंडीच काय?”

काकांनी ओलं धोतर पिळलं. “तुह्यासाठी अलग पूर कुठून आनू?”