लाटण्याचं दुसरं टोक

महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी मी उंबऱ्यापासून मखरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं उमटवली आणि उठून पाहिलं, तर सगळी एकाच पायाची. ही पावलं मूठ ओल्या पिठात बुडवून उठवतात. एका मुठीनं एक पाऊल, दुसरीनं दुसरं. माझी उजवी मूठ अर्धांगाच्या झटक्यानंतर वळत नाही हे साऱ्या कॉलनीला ठाऊक, विसरलो तो मी एकटाच. आमच्या आत्याबाईंनी चष्मा पुसून ती रांग पाहिली आणि म्हणाल्या, "देवी यंदा लंगडी घालत येणार वाटतं."

स्वयंपाकघरातून हसणं ऐकू आलं. माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ वसंता, दोघं फुलोऱ्याच्या करंज्या तळत होते. ते माझ्या पावलांना हसत नव्हते, आपल्याच काही बोलण्यावर हसत होते, आणि तेच मला सोसलं नाही. देवापुढं बसून कबूल करावं असं ते नाही, पण अनुभव सांगायचा तर सगळा सांगावा. मी जळलो.

झटका आला त्याच सुमारास आमच्या कारखान्यानं जुन्या माणसांना रक्कम देऊन घरी पाठवलं. त्याला गोल्डन हँडशेक म्हणत. मला शेक करायला हात नव्हता, तरी दिला. देशाची दारं उघडत होती, कुकटपल्लीतल्या आमच्या कॉलनीत गच्चीगच्चीवर केबलच्या छत्र्या उगवत होत्या, आणि मी घरी बसलो होतो. बायकोची शाळेतली नोकरी होती म्हणून घर चाललं. ती सकाळी बस गाठायला पळायची आणि स्वयंपाक माझ्याकडं आला. पहिल्या महिन्यात आम्ही जे खाल्लं त्याला कुठल्याच भाषेत नाव नाही. मग एका फळीतून दोन खिळे आरपार ठोकले आणि त्यांवर बटाटा रोवून डाव्या हातानं चिरायला शिकलो. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती पळत नाही, हे कळलं. कुकरचं झाकण छातीनं दाबून लावायचो. बायको म्हणायची, शिट्टी कुकरची कुठली आणि तुमची कुठली, समजत नाही. माझ्या पोळ्यांत जगातले सगळे देश येऊन गेले. मुली ताटात बघून नकाशा ओळखायच्या, भांडायच्या, आणि आणखी एक मागायच्या. पगार होता तेव्हा या घरात इतकं हसू नव्हतं.

म्हणून महालक्ष्म्यांचा पुरणाचा नैवेद्यही माझ्याच हातून व्हावा, असं मी मनात धरून बसलो होतो. तो झाला तर मी या घरात कामाचा माणूस, नाही तर नुसता ओट्यापाशी टाइमपास करणारा पेशंट. इथं तेलुगू मुलखात या सणाला सुट्टी नसते, बायको दुपारपर्यंत शाळेत. आत्याबाईंचे गुडघे उभं राहू देत नाहीत. मग उरलो मीच. पण आत्याबाई म्हणाल्या, "रोजचं जेवण वेगळं रे बाबा. डाव्या हातचा नैवेद्य देवीला कसा दाखवायचा?" शहरात गौलीगुड्याला राहणाऱ्या वसंताकडं निरोप गेला.

वसंताच्या पुरणपोळ्या साऱ्या नात्यागोत्यात नावाजलेल्या. शिवाय दोन्ही हात धड, दारात नवी मोटार आणि डोक्यावर सगळे केस. दुसऱ्या दिवशी सकाळी सोवळं नेसून त्यानं माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "दाजी, तुम्ही निवांत बसा. ती खिळ्यांची फळी मी खाली ठेवलीय, कुणाला लागायची." मी मखरापुढं फुलं निवडत बसलो. दोघी मुखवट्यांतून शांत बघत होत्या. सगळं जग आरोग्य, धन मागतं. मी मागितलं, आई, याची एक तरी पोळी फाटू दे.

थोड्या वेळानं आतून भांडं पडल्याचा आवाज आला. तापलेला तवा उचलताना सांडशी निसटली आणि वसंताचा उजवा तळहात भाजला. मी त्याचा हात नळाखाली धरला. माझा जीव चोरासारखा झाला होता. तो मात्र फोड बघत म्हणाला, "दाजी, आता आपण दोघं मिळून एक माणूस." पुरण तयार होतं, कणीक मुरलेली होती, आणि पोळी एकही लाटलेली नव्हती.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, हातभर हिरव्या बांगड्या, उन्हानं लाल झालेली. "सरोजम्मा का घर यहीच है क्या?"

"सरोजम्मा यहाँ नै," आत्याबाई म्हणाल्या, "मगर आज तुम दरवाजे में आये, अब खाना खाकेच जाना." त्या दिवशी दारात आलेली सवाष्ण परत पाठवत नाहीत.

बाईनं आत पाहिलं, वसंताचा हात पाहिला, माझाही पाहिला. "भक्ष्यालु करते?" तेलुगूत पुरणपोळीचं ते नाव. हातपाय धुऊन ती पोळपाटापाशी बसली. आत्याबाईंना हायसं वाटलं. "तुमीच करो अम्मा."

तिनं मान हलवली. "नक्को. घरवाले का हाथ लगना. उल्टा है तो होने दो, सीधा मैं देती." आणि तिनं लाटण्याचं एक टोक आपल्या उजव्या हातात धरून दुसरं माझ्या डाव्या हाताकडं केलं.

पहिली पोळी फाटली. माझी प्रार्थना पोचली होती, फक्त पत्ता चुकला होता. मी जोर लावत होतो. ती म्हणाली, "तुम छोड़ो थोड़ा. मैं हूँ ना उधर." मी हात सैल सोडला, आणि लाटणं आपोआप फिरू लागलं. पुढच्या पोळ्या गोल झाल्या. वसंता डाव्या हातानं तूप लावत होता. आत्याबाई पाटावरून बघत होत्या; त्यांनी स्वतः केळीचं पान मांडलं आणि त्यावर पोळी ठेवायला मला सांगितलं.

बायको आली, आरती झाली, पाहुणी जेवली. ओटी घेऊन गेली. नंतर समजलं, आमच्या आजूबाजूच्या ब्लॉकांत सरोजम्मा नावाचं कुणी राहत नाही. कॉलनीतले ब्लॉक सगळे सारखे दिसतात. चुकली असेल बिचारी. मी पुढं शोध घेतला नाही. आजही नैवेद्य दाखवताना तिच्या बांगड्या आठवतात आणि हात जोडायला एकच वळतो याचं काही वाटत नाही. मागताना मी ओढून धरत होतो. मिळालं ते सैल सोडल्यावर.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. भावाविरुद्ध केलेली प्रार्थनाही सांगितली, आणि काल तुम्ही हसत होतात ते ऐकून मी जळलो, हेही. वाटलं, आता ऐकावं लागणार.

ती म्हणाली, "वर्षभर शाळेत डबा उघडते आणि तुमच्या भाजीवर जळते. मुलीसुद्धा आता तुमच्याच हातचं मागतात. काल वसंतानं मला माझ्या ओट्यापाशी उभं राहू दिलं, म्हणून हसले. उद्या भाजी मी करणार आहे. मध्ये येऊ नका."