अजून एक सॉफ्टवेअर बघूया का

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, वीस वर्षं होसकोटेच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे आणि पास-नापास करायचे, हे त्यांचं काम. घरीही तेच. मी पोहे केले की पहिला घास घेऊन ते जरा वेळ गप्प राहायचे आणि ताई म्हणायची, "थांब, आता रिपोर्ट येईल." अशा माणसाला मी आमच्या खेळात ओढलं. लॉकडाऊन होता, पत्ते कुटायला त्यांना कोणी उरलं नव्हतं.

खेळ साधा आहे. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणाचा बेत जमतो, कुणाचा फसतो ते फासे ठरवतात. खरं तर हा टेबलाभोवती बसून, कागद पसरून खेळायचा खेळ. पण आम्ही चौघं चार दिशांना. मी बेंगळुरूत इंदिरानगरला, भाऊजी पार होसकोटे रोडला, आणि माझ्या कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी पुण्यात आणि नागपुरात. मग टेबलसुद्धा सॉफ्टवेअरमधलं. पडद्यावर नकाशा, नकाशावर आपापली सोंगटी, फासेही त्यातच. दर रविवारी जेवणं आटोपली की बसायचो. गोष्ट मी चालवायचे. भाऊजी झाले होते कुलपं उघडणारा चोर, आणि प्रत्येक दाराशी थांबून "आधी बिजागरी बघतो" म्हणणारा चोर मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. ताई ह्या सगळ्याला भातुकली म्हणायची. भाऊजींच्या मागे येऊन ती चहा ठेवायची आणि कॅमेऱ्यात वाकून मला विचारायची, "काय गं, अजून मोडली नाही का भातुकली?"

गेल्या वर्षी आमचं जुनं सॉफ्टवेअर डोक्यात जायला लागलं. नकाशा उघडायला दहा-दहा मिनिटं, फासा टाकला की पडदा गोठायचा. मी ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचंच काम करते, त्यामुळे म्हटलं, आता अंदाजपंचे नको, नीट तुलना करूनच नवीन घेऊ. तीन निवडली. पहिलं फुकट, कुठल्याही डबड्यावर उघडणारं, पण दिसायला सरकारी फॉर्म. दुसरं एकदाच विकत घ्यायचं, त्यातला उजेड-अंधार सुरेख, सोंगटीच्या हातातला कंदील पोचेल तेवढंच तिला दिसणार. फक्त ते माझ्या लॅपटॉपवर चालू ठेवावं लागे, आणि माझं इंटरनेट गेलं की सगळ्यांचा खेळ बंद. तिसऱ्यात सगळं उभं दिसायचं, भिंती, खुर्च्या, जिने, आणि फासे खरोखर घरंगळत यायचे. तिन्हींत मी एकच नकाशा टाकला, सहा खोल्यांची एक सराई, आणि एक शीट केली. अनुक्रमांक, निरीक्षण, अपेक्षित, स्थिती. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो माझा.

"वेळ मिळेल तसं तपासा आणि लिहा," मी सगळ्यांना सांगितलं. मैत्रिणींनी मिळून पाच ओळी लिहिल्या. भाऊजींनी पहिल्या आठवड्यात साठ.

काय काय लिहायचे ते. "खोली तीनचे दार आतून उघडते, बाहेरून नाही." "मराठी मजकुरात क्ष फुटतो, ज्ञ टिकतो." "फासा शंभर वेळा टाकला. सहा किंचित जास्त येतो, तक्रार करण्याइतका नाही." मी खूश. प्रत्येक ओळीसमोर शेरा मारायचे, "पाहिलं", "बरोबर", "पुढे बघू". एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या ऑफिसात पगार घेऊन कोणी इतकं काम करत नाही." भाऊजी हसले. तिसरं सॉफ्टवेअर मात्र आपल्याकडे उघडत नाही म्हणाले, लॅपटॉप जुना आहे. मी फटकन बोलले, "ऑफिसचा चांगला आहे की तुमचा, तो घ्या." ते म्हणाले, "तो कशाला ह्यात." मला वाटलं, तत्त्वाचा माणूस.

मग एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, ऑफिसात एक मीटिंग रद्द झाली म्हणून मी पहिल्या सॉफ्टवेअरमधली सराई उघडली. एक भिंत वाकडी होती, ती सरळ करायची होती. भाऊजींच्या नावापुढे हिरवा ठिपका. म्हणजे ते आत होते. त्यांचा चोर पाचव्या खोलीच्या दाराशी उभा होता, मग आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. मी काही न बोलता बाहेर पडले आणि शीट उघडली. कोणती ओळ कधी लिहिली ते त्यात दिसतं. रोज नऊ पस्तीसला पहिली ओळ. एक ते पावणेदोन काही नाही, जेवणाची सुट्टी. सहाला शेवटची. शनिवार-रविवार एकही नाही.

कामच नसेल सध्या, बसून कंटाळत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती अर्धा तास टिकली. मग कारखान्यात फोन लावला आणि क्वालिटीत जोडून द्या म्हटलं. पलीकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, मॅडम, तो अख्खा विभागच बंद झालाय, चार महिने झाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण चारच दिवसांपूर्वी ताईचा फोन आला होता. तिच्या पित्ताशयात खडे होते, महिनाभराने ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं होतं. "ह्यांच्या कंपनीचा इन्शुरन्स आहे, आत्ताच उरकून टाकते," ती म्हणाली होती. नोकरी गेली म्हणजे इन्शुरन्सही गेला, हे कळायला काही डोकं लागत नाही. भाऊजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घरातून निघत होते, आणि ताई ऑपरेशनची तारीख घेत होती.

मी ताईला फोन करायला हवा होता. नाहीतर भाऊजींना. एरवी रिक्षावाल्याशीसुद्धा भांडणारी मी, मूग गिळून बसले. त्यांचं त्यांनीच सांगावं, आपण मध्ये पडून त्यांची अब्रू का काढायची, असं मी स्वतःला ऐकवत होते. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. त्या घरात जो आरडाओरडा होईल तो माझ्यामुळे झाला असं व्हायला नको होतं. मग मी काय केलं, तर रोज अकराला सराई उघडून तो हिरवा ठिपका बघत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चोर या दारातून त्या दारात. मग बंद करून माझ्या कामाला लागायचे.

ऑपरेशनला दोन आठवडे उरले तरी ताईच्या बोलण्यात काही फरक नाही. तेव्हा मला एक भलतीच अक्कल सुचली. ही सराई आहे म्हणून ह्यांचा दिवस जातो, दिवस जातो म्हणून ह्यांना सोंग निभावता येतं. ती काढून घेतली की झक मारत खरं बोलतील. त्या रविवारी मी जाहीर केलं, तुलना संपली, पहिलं सॉफ्टवेअर घेतलं, सगळ्यांच्या मशीनवर चालतं.

"अजून एक आहे म्हणे," भाऊजी म्हणाले. "नवीन आलंय. बघूया का? तुम्ही कोणी काही करू नका, मी करतो सगळं."

"पुरे झालं, भाऊजी. ठरलं ते ठरलं. शीट बंद."

"एकच आठवडा."

"नाही म्हटलं ना."

"सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. इतक्या वर्षांत बेंगळुरूने त्यांना एवढाच एक शब्द पक्का शिकवला होता. सोमवारी मी सराई पुसून टाकली, आणि नवीन नकाशे फक्त रविवारीच उघडतील असं करून ठेवलं. माणसाला आपण दुसऱ्यांदा कामावरून काढतोय हे मला कळलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला कळलं होतं.

पुढचे दोन रविवार ते खेळायला आले, पण बिजागऱ्या बघितल्या नाहीत. दार दिसलं की सरळ उघडायचे. दुसऱ्या रविवारी दारामागच्या सापळ्यात सापडले आणि म्हणाले, असू दे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच ताईच्या पोटात कळा सुरू झाल्या. भाऊजी 'ऑफिसला' गेलेले. मी तिला घेऊन हॉस्पिटलला गेले. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, परत बघितलं. "पॉलिसी क्लोज आगिदे, मॅडम," ती कानडीत म्हणाली, आणि मग हिंदीत, की हे आता त्या कंपनीत नाहीत. ताई काउंटरला धरून वाकली होती. तशीच वाकून म्हणाली, "नीट बघा हो. सकाळीच गेलेत ते कामाला." मुलीने पडदा तिच्याकडे वळवला. ताईने वाचलं. मी दुसरीकडे बघत होते.

भाऊजी तासाभराने आले. गळ्यात कंपनीचा निळा पट्टा होता, त्याचं टोक शर्टाच्या खिशात. ओळखपत्र कधीच जमा झालेलं, पट्टा तेवढा त्यांनी ठेवला होता. ताई व्हीलचेअरवर होती. तिने हात लांब करून तो पट्टा खिशातून ओढला. टोकाला नुसती कडी. मग ती माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

भाऊजी मध्येच म्हणाले, "तिला काय विचारतेस? तिला कसं माहीत असणार?"

"नाही," मी म्हणाले. "मला काय माहीत."

ऑपरेशन झालं, माझ्या पॉलिसीत ती बसत नव्हती, पण झालं. ताई महिनाभर माझ्याकडे राहिली. भाऊजी रोज संध्याकाळी यायचे आणि खालीच थांबायचे, कारण ती त्यांना वर येऊ द्यायची नाही. दिवसभर कुठे बसायचे ते त्यांनी तिला सांगितलं होतं, के. आर. पुरमच्या एका वाचनालयात, परीक्षेला बसलेल्या मुलांमध्ये, प्लगजवळच्या खुर्चीत. ताई मला म्हणायची, "पाच महिने रोज डबा भरून दिला गं मी. नोकरी गेली त्याचं काही नाही. पण माझ्याशी असं वागावं?" आणि मग हटकून पुढचं वाक्य यायचं. "तू तेवढी आहेस, माझ्यापासून काही लपवत नाहीस." मी तिच्यासाठी भात मऊ करून आणायचे.

ती तिच्या घरी गेल्यावर मी ती शीट काढली. पुसून टाकावी म्हणून. दीडशेच्या पुढच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या, इतकी मी त्या वेळी हिरवा ठिपका बघण्यात गुंग होते. आणि मी आत आले की माझ्याही नावापुढे तसाच ठिपका लागत असणार, हे रोज सॉफ्टवेअर तपासणाऱ्या मला एकदाही सुचलं नव्हतं.

शेवटची ओळ दोनशे चौदावी. मी तुलना संपवली त्याच्या आदल्या शुक्रवारची.

"निरीक्षण: गोष्ट चालवणारी व्यक्ती आजही अकराला आत आली. नऊ मिनिटे थांबली. काही न बोलता गेली. अपेक्षित: विचारेल. स्थिती: प्रलंबित."

शेऱ्याचा रकाना रिकामा आहे. तो मी भरायचा होता.